ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘घांटी’ हा शब्द लिहायचा की नाही?

वाळवंटीकाठ (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, ग्रामसभा आटोपून आले, जेवले, भांडी घासली, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसले. लांबलं तर सांभाळून घ्या. जन्म फळ्यासमोर गेलेली बाई आहे, थोडक्यात सांगायची सवय नाही.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला आमचा गाव. नाव लिहीत नाही. विषयपत्रिकेवर तिसरा विषय कचऱ्याचा होता आणि चौथा रस्त्यावरच्या दिव्यांचा. तिसऱ्यावरून चौथ्यावर जायच्या आधीच गाडी भाड्याच्या खोल्यांवर घसरली. ती दर वेळी तिथेच घसरते. तिथे राहणाऱ्या, घाटापलीकडून आलेल्या माणसांना गाव हिणवून ‘घांटी’ म्हणतो. गटारात प्लास्टिक दिसलं की ते कुणी टाकलं हे गावाला आधीच ठाऊक असतं. एक गृहस्थ उठले. वजनदार माणूस, शिगम्याच्या मिरवणुकीत, रोमटाच्या पुढे असतात. म्हणाले, “ह्या घांट्यांना खोल्या देणाऱ्यांचे नळ तोडा. उंदीर आहेत हे. एक शिरला की बीळ करून दहा येतात.” टाळ्या पडल्या. किती जणांच्या ते मोजलं नाही, पण तेव्हा सगळ्या सभागृहाच्या वाटल्या.

तिसऱ्या बाकावर माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. आईवडील विजापूरकडचे, पोर इथेच जन्मलेली, चौथीपर्यंत माझ्या हाताखाली मराठी शिकलेली. मतदारयादीत नाव आहे, म्हणजे त्या गृहस्थांइतकीच तीही ग्रामसभेची सदस्य. बचतगटाच्या बायकांनी तिला दिव्यांबद्दल बोलायला पाठवलं होतं. ती उठली नाही की निघूनही गेली नाही. हातातल्या कागदाची घडी घालत आणि मोडत राहिली. दिव्यांचा विषय आला तेव्हा ती बोलली नाही.

आणि मीही बोलले नाही. “उद्धटपणे बोलायचं नाही” म्हणून ज्या पोरीला एकदा वर्गाबाहेर उभी केली होती, तिच्यासमोर गप्प बसले.

शेवटी सचिवांना विचारलं, काय लिहिलंत? त्यांनी वही दाखवली: “भाडेकरूंच्या प्रश्नावर चर्चा झाली.” मी म्हटलं, शब्द लिहा की. ते हसले. “बाई, असले शब्द सरकारी वहीत कशाला?”

आता तुम्ही सांगा. असं बोलणं कायद्यात बसतं का? आणि तो शब्द वहीत यायला हवा की नको?

अवांतर: निवृत्तीआधीच्या वर्षांत माझ्या शाळेच्या पटावरची निम्म्याहून जास्त मुलं याच खोल्यांतली होती. ती नसती तर मराठी शाळेला कधीच कुलूप लागलं असतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत ‘मराठी वाचवा’वाले दोघे होते.

तिस्कावरचा | रविवार, रात्री १०.१५

बाई, ‘उंदीर’ शब्द वाईट, तो मागेच घ्यायला हवा. पण सगळ्याला द्वेष म्हणून मोकळं होऊ नका. गावात पाणी दोन तास येतं. एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात, संडास नाही. डोंगर कापले जातायत, शेतं बुजवली जातायत. गोंयकार आपल्याच गावात पाहुणा झालाय. हे बोलायचंच नाही का? ही भीती आहे, तिला द्वेष म्हटलं की माणूस आणखी चिडतो.

दोडामार्गी | रविवार, रात्री १०.३२

आमका पण घाटीच म्हणतंत हो. मी रोज बाईकने गोव्यात येतो, अकरा वर्षं झाली. आता गंमत बघा. आमचा सिंधुदुर्गातला दोडामार्ग घाटाच्या खाली. सह्याद्री आमच्याही उगवतीला, तुमच्याही उगवतीला. घाटी म्हणजे घाटावरचा, तर मग मी कुठल्या घाटावरचा? भूगोलाच्या पेपरात ह्या शब्दाला शून्य मार्क.

काळाकोट | रविवार, रात्री ११.०५

धागा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘द्वेषमूलक भाषण’ अशी व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ च्या २६७ व्या अहवालात त्यासाठी दोन नवी कलमं सुचवली होती. २०२४ च्या १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही ती आली नाहीत. जे आहे ते जुनंच, नव्या क्रमांकाने. दंडविधानातलं १५३-अ आता कलम १९६ आहे, धार्मिक भावना दुखावण्याचं २९५-अ आता २९९.

बहुतेकांचा समज असा की १९६ म्हणजे हिंदू-मुसलमान-ख्रिश्चन. मूळ कलम वाचा. धर्म आणि वंशाबरोबर त्यात जन्मस्थान, निवासस्थान, भाषा, जात, समाज हे सगळे शब्द आहेत. या कारणांवरून दोन गटांत वैर किंवा द्वेष वाढवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा ‘विजापूरहून आलेले ते उंदीर’ हे वाक्य कागदावर तरी कलमाच्या कक्षेत येतं.

पण ‘कक्षेत येतं’ आणि ‘शिक्षा होते’ यांच्यामध्ये मांडवी आहे, आणि पूल नाही. एक तर हेतू सिद्ध करावा लागतो. दुसरं, न्यायालयाने दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. बोलणारा सरकारच्या जवळचा असला की फाईल कुठे झोपते ते तुम्हाला ठाऊक आहे. तिसरी गोष्ट मापाची. नागपूरच्या उच्च न्यायालयात १९४६ साली न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने जोखायचा. ज्याला जिथे तिथे धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात हेच माप पुन्हा वापरलं. शिवाय सांगितलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलचे असे गुन्हे असतील तर पोलिसांनी आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून मग ठरवावं.

मला हे माप पटतं. माझ्या अशिलांमध्ये ‘भावना दुखावल्या’ म्हणून अडकवलेले लोकच जास्त आहेत.

कुडचड्याची | सोमवार, सकाळी ७.२०

वकीलसाहेब, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं ना, की कुणी तक्रार करायची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा?

काळाकोट | सोमवार, सकाळी ८.४५

हो. ऑक्टोबर २०२२ चा आदेश दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडपुरता होता, एप्रिल २०२३ मध्ये तो सगळ्या राज्यांना लागू केला. गोव्यालाही. म्हणजे एक आदेश म्हणतो लगेच नोंदवा, दुसरा म्हणतो आधी तपासा. पोलीस ठाण्यातला माणूस यातून काय निवडतो? ज्यामागे मोर्चा आहे ते.

आपल्याकडचीच दोन उदाहरणं घ्या. २०२३ मध्ये चिखलीच्या चर्चमधल्या प्रवचनात शिवाजी महाराजांबद्दल एक विधान झालं, वास्कोत फादरांवर गुन्हा नोंदला गेला. २०२४ च्या ऑक्टोबरात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांची डीएनए चाचणी करा असं संघाचे गोव्यातले एक माजी प्रमुख बोलले, मडगावात लोक रस्त्यावर आले आणि डिचोली पोलिसांत २९९ खाली गुन्हा नोंदला गेला. कोण बरोबर, कोण चूक यात मला जायचं नाही. दोन्हीकडे माणसं जमली, म्हणून कागद हलला. विजापूरच्या त्या मुलीसाठी डिचोलीच्या पोलीस ठाण्यासमोर कोण जमणार आहे?

तिस्कावरचा | सोमवार, सकाळी ९.१०

म्हणजे शेवटी गर्दीचा कायदा. मग बाईंनी तक्रार करून काय होणार?

बेळगावी_कुंदा | सोमवार, सकाळी ९.५०

मी वास्कोत नोकरीला आहे. माझी अवस्था सांगू? बेळगावात मी मराठी म्हणून परका. वास्कोत गाडीचा नंबर केए २२ म्हणून परका. एकदा पार्किंगवरून वाद झाला, समोरचा म्हणाला, “गो बॅक टू युवर घाट.” मी अस्सल मराठीत शिव्या दिल्या, तर म्हणतो, “अरे, तू मराठी? मग सांगायचं ना!” म्हणजे कन्नड असतो तर चाललं असतं.

आणि खरं सांगतो, तो ‘मराठी?’ म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

रायबंदरची_फेरी | सोमवार, दुपारी १२.३०

‘घांटी’ पेक्षा मला ‘उंदीर’ जास्त टोचलं. रवांडात १९९३-९४ मध्ये आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र तुत्सी लोकांना ‘इन्येन्झी’ म्हणायचं, म्हणजे झुरळं. गाणी, चेष्टामस्करी आणि मध्ये मध्ये झुरळं. पुढे साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्रामागच्या दोघांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवलं.

आपली ग्रामसभा म्हणजे रवांडा नव्हे, ते मला कळतं. पण माणसाला आधी किडामुंगी करायचं आणि मग औषध मारायची भाषा करायची, ही पायरी सगळीकडे सारखीच असते. पर्वरीला २०१३ च्या ऑक्टोबरअखेर नायजेरियन लोकांनी महामार्ग अडवला होता, आठवतं? त्यांच्यातल्या एकाचा खून झाला होता. रस्ता अडवणं चूकच. पण त्यानंतर आपल्याच एका मंत्र्यांच्या तोंडून त्या लोकांबद्दल ‘कॅन्सर’ हा शब्द निघाला. तेव्हाही टाळ्या वाजवणारे होतेच, मी बसमध्ये ऐकल्या आहेत.

खरोगोंयकार | सोमवार, दुपारी १.०२

[हा प्रतिसाद काढण्यात आला आहे.]

व्यवस्थापक | सोमवार, दुपारी १.२५

वरच्या प्रतिसादात लमाणी बायकांबद्दल जे लिहिलं होतं ते इथे चालणार नाही. मतभेद जरूर मांडा.

दोडामार्गी | सोमवार, दुपारी १.४०

व्यवस्थापकसाहेब, उडवलात ते बरोबरच. पण बाईंचा प्रश्न आता तुमच्याच दारात आला. सचिवांनी शब्द लिहिला नाही, तुम्ही पुसलात. उद्या वाचणाऱ्याला वाटेल इथे ‘चर्चा झाली’.

व्यवस्थापक | सोमवार, दुपारी २.१०

मुद्दा बरोबर आहे. प्रतिसादाची प्रत वेळेसकट जपून ठेवली आहे, कुणाला तक्रार करायची असल्यास देईन. पण तो इथे लावून ठेवला असता तर लमाणी समाजातली कोणी वाचक रोज येता-जाता तो वाचत बसली असती. वही आणि भिंत यांत फरक आहे एवढंच म्हणेन.

काळाकोट | सोमवार, दुपारी ३.००

वही आणि भिंत, चांगलं सांगितलंत.

लमाणींचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट, वकिलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. कर्नाटकात लंबाणी-बंजारा समाज अनुसूचित जातींत आहे, गोव्याच्या यादीत नाही. त्यामुळे कळंगुटच्या किनाऱ्यावर एखाद्या लमाणी बाईला जातीवरून शिवी दिली तर उत्तर ठरलेलं असायचं, “तुमचं सर्टिफिकेट इथे चालत नाही, ॲट्रॉसिटी लागत नाही.” डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने हा प्रश्न सोडवला. माणूस आपल्या मूळ राज्यात अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण त्याला देशात कुठेही मिळतं. गोवा त्याच उच्च न्यायालयाखाली येतो. शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली असली पाहिजे, ही अट आहे. ग्रामसभेपेक्षा जास्त ‘लोकांसमोर’ काय असतं?

बाईंची विद्यार्थिनी कुठल्या समाजाची ते मला माहीत नाही, आणि इथे लिहूही नका. शिवाय ‘घांटी’ ही जातीवाचक शिवी नव्हे. पण पुढच्या वेळी कुणी त्यापुढे गेलं तर हे लक्षात असू द्या.

रानांतली | सोमवार, सायंकाळी ६.१५

बाहेरच्यांचं चाललंय ते चालू दे. मी काणकोणची, वेळीप. आम्हाला, गावड्यांना आणि कुणब्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. त्याच्या आधी आम्ही कोण होतो? ‘भितरले’च ना, म्हणजे आतलेच? हॉस्टेलवर माझ्या मैत्रिणी माझ्या बोलीची नक्कल करून हसायच्या, सगळ्या अस्सल गोंयकारणी. भायल्यांना, म्हणजे बाहेरच्यांना शिव्या घालायच्या वेळी मात्र आम्ही ‘मूळ गोंयकार’ होतो आणि मोर्चात पुढे उभे केले जातो.

कुडचड्याची | सोमवार, रात्री ९.३०

+१ रानांतली.

मी परिचारिका आहे. मडगावात खोली शोधत होते तेव्हा दलालाने फोनवर आधी आडनाव विचारलं, मग ‘मासे खाता का’, मग ‘नवरा कुठला’. नवरा मुसलमान. पुढे फोन उचललाच नाही. शिवी नाही, आवाज चढला नाही, सगळं कसं सभ्य. मला ‘उंदीर’ कुणी म्हटलं नाही, फक्त घर मिळालं नाही. वकीलसाहेब, ह्याला कुठलं कलम?

काळाकोट | सोमवार, रात्री १०.२०

ताई, खरं उत्तर: कुठलंच नाही, निदान सरळ लागू होईल असं नाही.

घटनेच्या कलम १५ मधला दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांबद्दल बोलतो. धर्म, जात, जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला अडवता येत नाही, मालक खासगी असला तरी. भाड्याचं घर त्या यादीत नाही. उपाहारगृहात चहा नाकारला तर घटना आड येते. खोली नाकारली तर ती घरमालकाची मर्जी. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, पण तो अस्पृश्यतेपुरता. आणि २००५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा ‘सभासद फक्त पारशी’ हा नियम वैध ठरवला होता. २०२३ च्या जानेवारीत घटनापीठाने म्हटलं की १९ आणि २१ या कलमांखालचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. त्यातून पुढे वाट निघेल, पण दलालाच्या फोनपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

ब्रिटनने वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा १९६५ मध्ये केला, तो हॉटेलं आणि सार्वजनिक जागांपुरता होता. तीनच वर्षांत त्यांना कळलं की खरी नाकाबंदी घर आणि नोकरीपाशी होते, म्हणून १९६८ मध्ये त्या दोन्ही गोष्टी आत घेतल्या. आपल्याकडे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते पुढे गेलंच नाही.

माझं दुखणं हेच आहे. आपण शब्दासाठी तुरुंग ठेवलाय आणि कृतीसाठी साधा दंडसुद्धा नाही. मला विचाराल तर उलट हवं होतं. बोलण्याला फौजदारी कलम फार वरच्या पायरीवर लागावं, जिथे मारामारीची चिथावणी आहे तिथे. आणि घर, नोकरी, दाखला, नळ नाकारण्यावर दिवाणी कायदा असावा. भरपाई द्यायला लावणारा, स्वस्त, सरकारी मंजुरीची वाट न बघणारा.

तिस्कावरचा | सोमवार, रात्री १०.५०

आणि आमच्या घरात कोणाला ठेवायचं हे आम्ही ठरवायचं नाही?

कुडचड्याची | सोमवार, रात्री १०.५८

घरात नका ठेवू, दादा. भाड्याच्या धंद्यात ठेवा. दुकानदार आहात ना? गिऱ्हाईकाचं आडनाव विचारून नारळ विकता का?

पेडणेकर७२ | मंगळवार, सकाळी ६.०५

मी वयाने मोठा, म्हणून थोडं जुनं सांगतो.

१६ जानेवारी १९६७ चा सार्वमत कौल. गोव्याच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. माझे वडील पहिल्या आकड्यातले. हरलो, ठीक. पण पुढे कित्येक वर्षं आम्हाला ‘तुमचं महाराष्ट्र तिकडे’ असं ऐकावं लागलं. आमचीही तोंडं काही सोवळी नव्हती. कोंकणीला ‘बोली’ म्हणून हिणवण्यात आमच्या मराठी सभांनी कसर ठेवली नाही. १९८६ च्या भाषा आंदोलनात सात माणसं गेली. ती काही कुणा एकाच्या भाषणाने गेली नाहीत. वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या व्यासपीठांवर जे बोललं गेलं आणि कुणी अडवलं नाही, त्याचा साठा झाला होता. १९८७ चा राजभाषा कायदा झाला, कोंकणी राजभाषा, मराठीला सरकारी व्यवहारात स्थान. कायदा झाल्यावर दंगली थांबल्या. टोमणे थांबायला मात्र एक पिढी मरावी लागली.

त्या काळात एक गोष्ट पाहिली ती सांगतो. आमच्या गावच्या सभेत एक वक्ता ख्रिस्ती शेजाऱ्यांविषयी वाटेल ते बोलायला लागला. पुढच्या रांगेतले एक भटजी उठले, म्हणाले, “हें पुरो,” आणि छत्री घेऊन चालते झाले. एवढंच. त्यांच्या मागून निम्मी सभा उठली. वक्ता आमच्याच बाजूचा होता आणि उठणारा माणूसही आमच्याच बाजूचा, म्हणून ते चाललं. दुसऱ्या बाजूचा उठला असता तर डोकी फुटली असती.

आणि कृपा करून इथे कुणी हिंदूंची लइराय देवी आणि ख्रिस्त्यांची मिलाग्रीस सायबीण बहिणी-बहिणी हे सांगू नका. आहेत, खरंच आहेत. पण गेली चाळीस वर्षं तेच सांगून आपण प्रत्येक विषय गुंडाळतोय.

रायबंदरची_फेरी | मंगळवार, सकाळी ९.१५

काका, मी नेमकं लइराय टाईप करत होते. पुसलं.

काळाकोट | मंगळवार, सकाळी १०.००

काकांनी मोठी गोष्ट सांगितली. बाई उठल्या तर काय होऊ शकतं याचा एक कोर्टातला दाखला देतो, म्हणजे डोळे उघडे ठेवून उठता येईल.

जुलै २०२०, शिलाँग. लॉसोतून भागात बास्केटबॉल खेळणाऱ्या बिगर-आदिवासी मुलांवर तोंड झाकलेल्या टोळक्याने हल्ला केला. ‘शिलाँग टाइम्स’च्या संपादक पॅट्रिशिया मुखिम, स्वतः खासी, त्यांनी फेसबुकवर लिहिलं की हल्लेखोरांना का पकडत नाही आणि गावची सभा काय करतेय. तर गावच्या दरबाराने, म्हणजे तिथल्या ग्रामसभेसारख्या संस्थेने, तक्रार मुखिमबाईंविरुद्धच केली. कलम कुठलं? १५३-अ, दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचं! उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केला, आणि म्हटलं की अन्यायाविरुद्ध बोलणं म्हणजे द्वेष पसरवणं नव्हे.

म्हणून मी ‘कडक कायदा आणा’ म्हणणाऱ्यांना घाबरतो. काठी कोणाच्या हातात जाईल ते आधी बघा.

बाईंसाठी व्यवहारी सल्ला. नळजोडणी पाणीपुरवठा खात्याची असते, ‘नळ तोडा’ असा ठराव करून पंचायत तो परस्पर तोडू शकत नाही. तसा ठराव कुणी आणला तर हरकत लेखी नोंदवा, गटविकास अधिकारी आणि पंचायत संचालनालयाकडे प्रत पाठवा. पुढच्या सभेत आधी मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, दुरुस्ती सुचवायची तीच वेळ. शब्द नोंदला गेला तर उद्या नळ खरोखर तुटला तेव्हा ‘हे का तुटलं’ याचं उत्तर वहीत असेल. पोलिसांत जायचं की नाही हे त्या मुलीला विचारा. तिच्या वतीने शूर होऊ नका.

तिस्कावरचा | मंगळवार, दुपारी १.३०

दोन दिवस वाचतोय. माझं सगळं मत बदललं असं नाही. पण काल दुकानात बसून एक हिशेब केला. आमच्या भागात डोंगर कुणी कापले? दिल्ली-मुंबईच्या बंगलेवाल्यांनी, आणि नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९-अ खाली जमिनीचा झोन बदलून घेणाऱ्यांनी. ते येतात तेव्हा आम्ही ‘या सर, बसा सर’ म्हणतो. घांटी कोणाला म्हणतो? जो त्यांच्या बंगल्याची माती डोक्यावरून वाहतो त्याला. आणि बाई, एक विचारतो. तुमच्या त्या वजनदार गृहस्थांच्या कुटुंबात कोणाची भाड्याची चाळ आहे का हो?

वाळवंटीकाठ (धागाकर्ती) | मंगळवार, दुपारी २.०५

मेव्हण्याची आहे. सोळा खोल्या.

तिस्कावरचा | मंगळवार, दुपारी २.०७

:))

वाळवंटीकाठ (धागाकर्ती) | रविवार, रात्री ८.५५

धागा वर काढतेय. मधे बरेच दिवस गेले, आज पुढची ग्रामसभा झाली.

आधी मुलीकडे गेले होते. पोलिसांत जायला ती नाही म्हणाली. नवरा इथल्याच वसाहतीत कामाला, खोली त्या मेव्हण्याच्याच चाळीत. “टीचर, मला गुन्हा नको. मला त्या दिवशी दिव्यांबद्दल बोलायचं होतं.” शब्द वहीत लिहिला तर चालेल का विचारलं. जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझं नाव नको. शब्द लिहा.”

सभेत सचिवांनी मागचं इतिवृत्त वाचलं. “भाडेकरूंच्या प्रश्नावर चर्चा झाली” आल्याबरोबर मी उठले. पाय कापत होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, दुरुस्ती आहे. त्या दिवशी एका सदस्याने इथल्या काही रहिवाशांना ‘घांटी’ आणि ‘उंदीर’ म्हटलं आणि त्यांना खोल्या देणाऱ्यांचे नळ तोडा असं सांगितलं. हे शब्द जसेच्या तसे लिहा. त्याखाली माझी हरकत लिहा, आणि हेही लिहा की मी त्या दिवशी बोलले नाही.

ते गृहस्थ तडक उठले. “मी तसं म्हटलंच नाही. बाईंचं वय झालंय.”

कुणी काही बोलेना. पंखा तेवढा फिरत होता. सरपंच टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, जो कधी सभेत तोंड उघडत नाही, बसल्या जागेवरून म्हणाला, “म्हटलंस रे. हांव थंयच आसलों.” मग भजनी मंडळाच्या एक बाई म्हणाल्या, हो, म्हटलं. मग आणखी एकजण. तिघेच. मागच्या वेळी टाळ्या वाजवलेल्यांपैकी एकजण होता त्यात, नक्की.

सरपंच सचिवांना म्हणाले, लिहा. सचिवांनी पेन उघडलं, दोन शब्द लिहिले आणि थांबले. मान वर करून विचारलं, “बाई, घाटी की घांटी? अनुस्वार द्यायचा?”

मी म्हटलं, “द्या. बोलले तसंच.”

चौथा विषय दिव्यांचा नव्हता, तो मागच्याच सभेत संपला होता. तरी आयत्या वेळच्या विषयांत तिने हात वर केला. वसाहतीच्या वळणावरचे तीन खांब बंद आहेत म्हणाली, खांबांचे नंबरही सांगितले.

काळाकोट | रविवार, रात्री ९.१०

इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागून ठेवा.

वाळवंटीकाठ (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९.१४

अर्ज तिथेच दिला. पोच घेतली आहे.

दोडामार्गी | रविवार, रात्री ९.३०

आणि दिवे?

वाळवंटीकाठ (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९.३३

वीज खात्याला पत्र जाणार आहे म्हणे. बघू, पावसाच्या आधी लागतात का.